साडूंनी उघडलेला कॉम्प्युटर

जगातली कोणतीच वस्तू बिघडलेली नसते, ती फक्त अजून नीट उघडलेली नसते, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. ते राहायला दौंडला आणि नोकरीला कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, पॅकिंग खात्यात. पाळीभर डबे बंद करायचे आणि घरी आल्यावर त्याचा सूड म्हणून दिसेल ते उघडायचे. त्यांनी मिक्सर उघडला, तेव्हापासून मेव्हणीबाई चटणी पाट्यावर वाटू लागल्या. भिंतीवरचं घड्याळ उघडलं, तर ते चालू झालं, पण उलटं. "चालतंय न्हवं? मग झालं तर!" साडू म्हणाले. शेजारचे चाचा तर आपला रेडिओ बंद पडला की 'गावाला पाठवलाय' असं सांगायचे.

असल्या घरात लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर आला. 'चित्र झकास दिसंल' म्हणून दुकानदारानं त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डही बसवून दिलं. लेक पुण्याच्या हॉस्टेलवरून शेवटचा प्रोजेक्ट संपवायला घरी आली होती. सोमवारी तो कॉलेजात द्यायचा आणि तशीच तिकडं नोकरीवर रुजू व्हायचं. सगळं काम त्या कॉम्प्युटरमध्येच होतं. मी आणि बायको शनिवारी तिला भेटायला गेलो, तर साडू स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले. "आत धूळ बसलीया, पाव्हणं. मशीन गुदमारतंय."

सायकलच्या पंपानं त्यांनी धूळ उडवली, वायरी परत खोचल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. "पंखा फिरतोय म्हंजी जीव हाय," साडूंनी डॉक्टरच्या आवाजात सांगितलं. मग रॅम काढून खोडरबरानं घासली. कार्ड उपसून धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि परत बसवलं. मॉनिटर खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत नेला. तिथं तो निर्लज्जासारखा चालू झाला. तेव्हा संशय वीजमंडळावर गेला, आणि तिथून थेट कुरकुंभच्या हवेवर. "वास हाय ह्यो. कार्डाला सोसला न्हाई." तोवर गल्लीतले सगळे तज्ज्ञ दारात जमले होते. एकानं तर कॉम्प्युटर उन्हात ठेवायला सांगितला, आणि साडूंनी तो खरोखरच तासभर अंगणात ठेवला.

संध्याकाळी मात्र त्यांचा आवाज खाली आला. लेक दुपारपासून बॅटरी धरून शेजारी बसली होती, एका शब्दानं रागावली नव्हती. "पोरी," ते म्हणाले, "वरीस वाया घालवलं का गं मी तुझं?"

कॉम्प्युटरच्या डब्यामागं वाकून तिनं उजेड टाकला. मीही डोकावलो. मॉनिटरची वायर बसेल अशा तिथं दोन जागा होत्या. वरची मुळातली, आणि खालची नव्या कार्डाची. कार्ड असताना चित्र खालून येतं, आणि साडूंनी वायर लावली होती वर. तिचा हात वायरीपर्यंत गेला आणि मागं आला.

"आप्पा, माझा हात पोचत नाही. ही वायर खालच्या कार्डाला लावून बघता का?"

साडूंनी लावली. पडदा उजळला.

"आलं!" ते ओरडले. "मी सकाळधरनं म्हनतोय, कनेक्शनातच खोट हाय!" सकाळपासून त्यांनी कनेक्शन सोडून सगळ्यांना दोष दिला होता. पण दारातल्या तज्ज्ञांना लेकीनं सांगितलं, "आप्पांनीच चालू केला." साडू त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

रविवारी तिनं सगळं काम सीडीवर उतरवलं. सोमवारी सकाळी आम्ही तिला गाडीत बसवलं. गाडी सुटता सुटता ती खिडकीतून म्हणाली, "कॉम्प्युटर इथंच ठेवलाय, आप्पा. वाटंल तवा उघडा."

साडूंनी नुसती मान हलवली. स्टेशनाबाहेर एक टेम्पो बॉनेट वर करून उभा होता. ड्रायव्हरनं हाक मारली, "मामा, जरा बघता का?"

साडूंना ती हाक ऐकूच गेली नाही. ते सरळ पुढं चालत राहिले, आणि मी त्यांच्या मागून.