चिचगडची परीक्षा आणि निळ्या चिंधीचं झाड

निघालो होतो नवेगावबांधला, तलाव आणि पक्षी बघायला. गोंदियाच्या स्टँडवर कळलं की तिकडच्या गाडीला वेळ आहे, आणि देवरीची समोरच उभी होती. कंडक्टर म्हणाला, "बैठो भाऊ, वहाँ से भी जा सकते." बसलो. माझे प्रवास असेच ठरतात. डिप्लोमासुद्धा मी असाच मधल्या स्टॉपला उतरून सोडला.

शेजारी एक बाई होत्या, वंदना मॅडम. मांडीवरच्या पिशवीतून बाटल्यांची रंगीत झाकणं, चित्रांची कार्डं आणि रिकामी टोपली डोकावत होती. मला वाटलं, खेळणी विकत असतील. त्या निघाल्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकणं फार जड जातं, त्यांच्यासाठी चिचगडच्या आसपासच्या शाळांमधून फिरतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रूपाची परीक्षा होती. रूपा आठवीतली, बोलते अगदी मोजके शब्द. तिला पेपर नसतो. रोजच्या जगण्यातलं एखादं काम करून दाखवायचं, आणि बघणाऱ्यानं टिपायचं की तिला मदत किती लागली. नुसतं सांगावं लागलं, करून दाखवावं लागलं, की हात धरावा लागला? ह्याला पर्यायी मूल्यमापन म्हणतात, हे मला त्या बसमध्येच कळलं.

"रूपाची परीक्षा मोहाच्या झाडाखाली आहे," मॅडम म्हणाल्या. मोहफुलं वेचणं तिला येतं म्हणून त्यांनीच ते काम निवडलं होतं. पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता. रूपाच्या वडलांनी सांगून टाकलं होतं की गावची शाळा आठवीपर्यंतच, ह्या परीक्षेत काही दिसलं नाही तर नववीसाठी चिचगडला पाठवणार नाही, पोरगी शेळ्यांमागे जाईल. मी विचारलं, बघायला येऊ का? त्यांनी विचारलं, गप्प बसता येईल का? येईल म्हणालो. नवेगाव काय, कुठे पळून जात नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. देवरीत स्टँडबाहेर पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा ओतून देतात, तो चुकवू नका. मुक्कामही देवरीतच करा, पुढे चिचगडला मला तरी लॉज सापडलं नाही. रस्ता जंगलातला, छान आहे, पण शेवटचा तुकडा कंबरडं मोडतो. मॅडमनी माझी सोय रूपाच्या गावात, शाळेच्या शिपायाकडे लावली. त्यानं भात आणि वांग्याची भाजी वाढली, आणि इतक्या लांबून मी पाखरं पाहायला कायले आलो, ह्यावर जेवण संपेपर्यंत हसला.

मोह पहाटे गळतो, म्हणून परीक्षाही उजाडताच. झाडांखालची जमीन झाडून लख्ख केलेली, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा आणि डोकं जड करणारा गोड वास. प्रत्येक खोडाला लुगड्याची एकेक चिंधी बांधलेली होती. कुठे निळी, कुठे लाल. नवसाच्या असतील म्हणून मी भराभर फोटो काढले.

परीक्षा घ्यायला देवरीहून आलेले सर भले वाटले, फक्त झोप मोडलेली होती. त्यांनी रूपाला टोपली दिली. रूपा वाकली आणि वेचत सुटली. पानं बाजूला, काड्या बाजूला, फुलं टोपलीत. टोपली भरली तशी आपणहून कापडावर नेऊन ओतली. मॅडमचा चेहरा उजळला.

मग सर म्हणाले, "आता त्या पलीकडच्या झाडाखालची वेच."

रूपानं तिकडे पाहिलं, टोपली ठेवली आणि खाली बसली. सरांनी पुन्हा सांगितलं. बोट दाखवलं. शेवटी स्वतः तिकडे गेले आणि एक फूल उचलून दाखवलं. रूपा मान हलवत स्वतःच्या गुडघ्यावर मारायला लागली. सरांनी काहीतरी लिहिलं. बोलायची परवानगी ना मॅडमना, ना रूपाच्या आईला.

वडील सायकल धरून मागे उभे होते. "पाह्यलं ना मॅडम? मी काय म्हणून राहिलो होतो?"

तेवढ्यात रूपा उठली. सरांच्या बोटांतून तिनं ते फूल काढून घेतलं आणि होतं तिथं परत ठेवलं. मग त्यांची बाही धरून त्यांना आपल्या झाडापाशी आणलं आणि त्यांचा तळवा निळ्या चिंधीवर टेकवला. मग पलीकडच्या लाल चिंधीकडे बोट केलं.

"शेवंता," ती म्हणाली.

सरांना कळेना. त्यांनी आईकडे पाहिलं, तशी आई बोलली. "थे झाड शेवंताबाईचं होये, साहेब. चिंधी बांधली का तिथलं फूल दुसऱ्यानं नाही उचलत."

"हिला हे शिकवलं कोणी?"

"शिकवन कायले? दरसाली येते माह्यासंगं."

सर आपल्या हाताकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे चोरी मीच केली." लिहिलेलं त्यांनी खोडलं आणि तिथंच झाडाखाली बसून बराच वेळ नव्यानं लिहीत राहिले. मॅडम मला हळूच म्हणाल्या की वर्षभर कार्डं दाखवून त्या हिला रंग शिकवत होत्या आणि ही ढुंकून बघत नव्हती. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

वडलांनी सायकल स्टँडवर लावली. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "चिचगडच्या बसमंधी एकटी बसंल का थे?"

"आज नाही बसणार. शिकवीन," मॅडम म्हणाल्या.

नवेगाव राहिलंच. पैसे संपत आले होते, तसाच गोंदियाला येऊन गाडी पकडली. सांगलीला घरी आईनं विचारलं, पक्षी कुठायत? मी तिला चिंध्यांचे फोटो दाखवले.

शाळा सुरू झाल्यावर मॅडमनी एक फोटो पाठवला. बसमध्ये खिडकीशी रूपा, नववीच्या गणवेशात, आणि सीटच्या दांडीला निळी चिंधी. खाली लिहिलं होतं: "रोज सकाळी वडील येऊन बांधतात. गावची माणसं उभी राहतात, पण त्या सीटवर कोणी बसत नाही."