तावडेकाका आब्लाबा

आमच्या शेजारचे तावडेकाका वारले त्याला वर्ष होत आलं होतं, पण विक्रोळीच्या आमच्या इमारतीत ते अजून बोलत होते.

जिवंतपणीही ते तेच करायचे. लिफ्टशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचे आणि दुधाच्या भेसळीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत सगळं ऐकवायचे. ते गेल्यावर मुलाने घर बंद केलं, सामानावर पांढऱ्या चादरी घातल्या आणि किल्ली आमच्याकडे ठेवून तो पुण्याला परतला.

त्याच सुमारास मी स्पॅनिश शिकायला लागले. (वय एकसष्ट. हसून घ्या.) माझी मुलगी केतकी स्पेनला असते आणि तिचा पाच वर्षांचा मातेओ बापाचीच भाषा बोलतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी "बाळा" म्हटलं की तो टेबलाखाली शिरायचा. मला फार लागायचं ते. एकुलता एक नातू, आणि मला त्याची फक्त टाच दिसायची! म्हणून कोणाला न सांगता ऑनलाइन क्लास लावला. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून सगळ्यांना चकित करायचं ठरवलं होतं.

क्लासच्या बाईंनी एका आठवड्यात 'आब्लार' म्हणजे बोलणे हे क्रियापद दिलं. पूर्वी नेहमी घडायचं, आता घडत नाही, असा त्याचा भूतकाळ. मी बोलायचे किंवा एखादा माणूस बोलायचा, दोन्हीला आब्लाबा. तू बोलायचास, आब्लाबास. आम्ही बोलायचो, आब्लाबामोस. ते सगळे बोलायचे, आब्लाबान. ओळखीच्या माणसांवर वाक्यं करा, मोठ्याने म्हणा, असं बाईंनी बजावलं. पूर्वी बोलायचं आणि आता बोलत नाही असं माझ्या ओळखीचं माणूस एकच होतं.

घरी मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. आमचे हे सगळं ऐकतात आणि लगेच केतकीला फोन करून सांगतात. म्हणून भाजीला जाते सांगून मी रोज तिन्हीसांजेला काकांच्या घरात जाऊन बसायची. दिवा लावायची नाही, फटीतून उजेड दिसला असता. रिकाम्या हॉलमध्ये शब्द भिंतीला लागून परत यायचा. दाराशी त्यांच्या चपला तशाच होत्या आणि हवेत तपकिरीचा वास. त्यांच्याच खुर्चीत बसून मी म्हणायची, "तावडेकाका आब्लाबा." त्यात मला सर्दी झालेली, आवाज थेट पुरुषी.

एके दिवशी काकांच्या उंबऱ्यावर कुंकू लावलेलं लिंबू दिसलं. यांना विचारलं तर हे दबक्या आवाजात म्हणाले, "तिन्हीसांजेक तावड्याच्या घरातसून आवाज येता गे. स्वतःचा नाव घेता आणि कायतरी भलत्याच भाषेत बोलता. थय फिरकू नको."

मी तर उडालेच. कारण रोज तिन्हीसांजेला मी तिथेच असायची! म्हणजे मी अभ्यास करत असताना काका त्याच खोलीत बोलत होते आणि मला सर्दीमुळे ऐकू येत नव्हतं. (आवाज माझाच असेल ही शंका मला आली नाही. खोटं कशाला सांगू?)

पण रविवार जवळ आला होता. अवसेच्या संध्याकाळी मी जीव मुठीत धरून पुन्हा गेले. खाडीकडचे डास फोडून खात होते, म्हणून खुर्चीवरची पांढरी चादर डोक्यापासून गुंडाळली आणि सुरुवात केली.

"तावडेकाका आब्लाबा."

कुठूनतरी खोल, बऱ्याच गळ्यांतून एकदम आलं, "व्हय म्हाराजा."

मी वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं. भास असेल म्हणून हळूच म्हटलं, "आब्लाबास?"

"व्हय म्हाराजा."

"आब्लाबामोस," माझ्या तोंडून निसटलं. आम्ही बोलायचो. आणि त्या 'आम्ही'त नक्की कोण कोण आहे, हे कळायच्या आत पुन्हा तेच उत्तर आलं, या वेळी आणखी जवळून. मी उठले, अंधारात टीपॉयला धडकले आणि चादरीसकट दार उघडून बाहेर पडले.

बाहेर अख्खा मजला हात जोडून उभा होता. काकांच्या आत्म्याला वाट दाखव म्हणून देवाला गाऱ्हाणं चाललं होतं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची कोकणातली रीत. सांगणारे होते आमचे हे. त्यांचा पुटपुटता आवाज दारातून आत येत नव्हता, लोकांचा होकार तेवढा येत होता.

मला बघून मजला रिकामा झाला. हे मात्र हलले नाहीत. धैर्याने नव्हे, गुडघ्यांमुळे. हातातला नारळ पडून आपोआप फुटला. हे हात जोडून म्हणाले, "तावडेनू, माका न्हेवा. पण माझ्या बायलेक काय करू नकात. ती भाजी हाडूक गेली हा, येतलीच आता."

चाळीस वर्षांच्या संसारात असं काही ते माझ्या तोंडावर कधी बोलले नव्हते. मला भडभडून आलं. "अहो, मीच आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

त्यांनी चादरीतलं माझं तोंड नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा कोसळला. "तू कधी मेलंस गे?"

त्यांना पटवायला सबंध संध्याकाळ गेली. तोवर त्यांनी माझ्या हाताला तीनदा चिमटा काढला होता. गुपित अर्थातच फुटलं, केतकीलाही कळलं. रविवारी काही लपवण्यासारखं उरलंच नव्हतं, म्हणून मी घडलेली हकिगतच मातेओला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितली. अंधार, चादर, आवाज, सगळं. टेबलाखालून आधी केस आले, मग डोळे. शेवटी तो स्क्रीनला नाक लावून बसला आणि म्हणाला, पुन्हा सांग.

आता तो रविवारची वाट बघतो. माझा कॉल आला की धावत जाऊन आईला ओरडून सांगतो, "मम्मा, भुताचा फोन आलाय!" आणि इतका क्लास करून मला त्याचं न अडखळता समजणारं वाक्य आजवर हे एकच आहे.