दहा आकड्यांची चाळणी

माझ्या ब्लॉगला वाचक मोजके, पण स्पॅम कमेंट अशा यायच्या की जणू मी कुणी मोठा साहित्यिकच. आईच्या पापडांवर लिहिलं, तर खाली टकलावर केस उगवायचं तेल. वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर लिहिलं, तर खाली कुणीतरी म्हणतंय, छान माहिती, घरबसल्या कामासाठी या नंबरवर फोन करा. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

हा ब्लॉग मी हौसेनं काढला नव्हता. धाकट्या बहिणीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि आमच्या घरानं तिचं नाव टाकलं. महिनाभरानं तिनं मला फोन केला, तेव्हा वडील शेजारीच बसले होते. मी "राँग नंबर" म्हणालो आणि ठेवून दिला. पुढे तिचा नंबर बंद झाला. मग वडील गेले. दिवसकार्य उरकल्यावर आईनं भाकर थापता थापता विचारलं, "तिले सांगतलं का रे कोनी?" कुठे सांगणार? पत्ताच नव्हता. म्हणून मी घरच्या गोष्टी लिहू लागलो. कधीतरी तिच्या मोबाईलवर दिसतील, ती खाली दोन ओळी लिहील. तिचं नाव मात्र कुठे घातलं नाही. तेवढी हिंमत तेव्हाही झाली नाही.

वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, हा माझा माज. कमेंट आधी मला दिसायची, मग मी ती छापायचो. पण रोज त्या जाहिराती चाळायचा वीट आला. लिंकवाल्या कमेंट अडवल्या, तर ते लोक नुसते फोन नंबर देऊ लागले. मग मी नियमच घातला: सलग दहा आकडे दिसले की कमेंट मला न दाखवता कचऱ्यात, आणि पंधरा दिवसांनी कचरा आपोआप साफ. चार दिवसांत ब्लॉग लख्ख. दुकानात आलेल्या एका मास्तरांना मी तो कौतुकानं दाखवलासुद्धा.

मग एका दुपारी पापडाच्या लेखाखाली एक कमेंट आली. नाव नव्हतं.

"पापडाच्या लाट्या मी नाई, तूच खाल्ल्या होत्या. मार मले बसला. तीनदा लिहिलं तुले, दर खेपेस नंबर देल्ला. तू पुसून टाकलं. समजलं मले. बाबाचं इथंच वाचलं. आता नाई लिहीत. आईले काही सांगू नको."

समोर एक बाई फॉर्म भरायला बसल्या होत्या. सवयीनं मी म्हणालो, "मोबाईल नंबर बोला." त्यांचे दहा आकडे मी टाइप केले, आणि तेव्हा मला माझा नियम आठवला.

आमच्याकडे लग्नपत्रिकेवर नंबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर, श्रद्धांजलीच्या बॅनरवरही खाली नंबर. त्याशिवाय आमच्या माणसाचं लिहिणं पुरंच होत नाही. दिवसभर मी तोच तर विचारत असतो लोकांना. बहिणीनं न विचारता दिला, आणि मी तिला तेल विकणाऱ्यांत ढकललं. म्हणजे दुसऱ्यांदा तिचा फोन ठेवला. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

कचरा उघडून पाहिला, तर तिच्या कमेंट केव्हाच साफ झालेल्या. ब्लॉगला जागा भाड्यानं देणाऱ्या होस्टिंगवाल्यांच्या विनवण्या केल्या, अक्षरशः रडलो फोनवर. त्यांच्याकडे आठवडाभराचीच प्रत होती, आणि तीतही तिच्या कमेंट नव्हत्या. मी सगळे नियम काढून टाकले आणि तिच्या कमेंटखाली लिहिलं, "मी नाई पुसलं. मशीननं पुसलं. पण मशीनले मीच सांगतलं होतं. फोन कर." खाली माझा नंबर, साऱ्या जगाला दिसेल असा.

व्हायचं तेच झालं. तो नंबर त्याच टोळीच्या हाती लागला. समृद्धी महामार्गाच्या कडेचे प्लॉट, घरबसल्या काम, विमा. दिवसभर फोन वाजतो आणि मी एकही सोडत नाही, जेवताना नाही, न्हाणीत असतानाही नाही. ती असेल आणि माझ्या आवाजाला भिऊन ठेवून देईल, म्हणून उचलल्या उचलल्या सांगतो, "मी दादा बोलतोय." प्लॉटवाली एक पोरगी तर आता मला दादाच म्हणते. तिच्यावर मी विनाकारण ओरडलो, आणि मग माफीही मागितली.

काल आई वैतागली. "प्लॉट घ्याचा नाई तं उचलतं कायले रे? बंद करून टाक तो नंबर."

"हा नंबर बंद नाई करता येत, आई."

तिनं निवडायच्या तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. मग मान वर न करता म्हणाली, "या घरात तुले दादा म्हननारी एकच होती. तिचा आला तं मले दे."

मी हो म्हणालो. तिनं तीनदा नंबर दिला होता, हे आईला अजून सांगितलेलं नाही.