डोलीवाल्या आबांचं विमान

आंदर मावळात वरच्या वाड्यांवरून आजारी माणूस खाली रस्त्याला आणायचा, तर तो डोलीतूनच. सोपानआबा मोधळ्यांनी चाळीस वर्षं ही डोली खांद्यावर वाहिली. बाळंतिणी आणल्या, साप चावलेले आणले. एकदा तर अडीच मणाचा व्याही आणला. तो उतारावर असा शिंकला, की चौघंही घसरत थेट ओढ्यात. आबांचा नियम एकच, डोलीतल्यानं गप पडून राहायचं. तो हाका मारू लागला की वाहणाऱ्याचा दम मोडतो.

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि आबाच जागेवर बसले. अशात नागपूरच्या धाकट्या बहिणीचं, हिराचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

"भाऊ, तुला बगितल्याबिगर मी आत जायची न्हाई," ती फोनवर म्हणाली.

ऑपरेशन सकाळी आठला. म्हणून मुलानं, संदेशनं, आदल्या दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं, चाकाची खुर्ची सांगून ठेवली आणि आबांना विमानतळाच्या दारात सोडलं. पुढं त्याला जाता येईना.

खुर्ची ढकलणारी अनघा तळेगावची निघाली.

"आबा, वजनच नाही तुम्हाला."

"व्हतं की. समदं डोंगरात सांडलं."

तपासणी झाल्यावर तिनं एका खांबाशी खुर्चीला ब्रेक लावला. "इथंच बसा. अजून तिघांना आणायचंय आणि मी एकटी. आले की तुम्हाला विमानात बसवते."

"जा बाय. मी कुटं पळतोय?"

समोरची रांग वाढली, मग संपली. गणवेशातला एक माणूस दोनदा जवळून गेला. त्याला विचारावं असं आबांच्या मनात आलं. पण पोरगी दमली असंल, उगं तिच्या मागं तगादा कशाला, म्हणून ते गप राहिले. तेवढ्यात भोंग्यावर त्यांचं नाव आलं. आबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"हाय, हितं हाय."

नाव पुन्हा आलं. हात वरच होता. मग नाव यायचं थांबलं.

अनघा धावत आली. "एका मावशींना भोवळ आली हो, आबा. तुम्ही कुणाला हाक का नाही मारली?"

तिनं खुर्ची पळवत नेली, काउंटरवर हातापाया पडली. दार बंद झालं होतं.

"उभं हाय की अजून," आबा काचेतून विमानाकडं बघत म्हणाले.

"उभं असलं तरी आता घेत नाहीत, आबा. पुढचं उद्या दुपारी."

खिशातला फोन वाजला. हिरा.

"भाऊ, बसलास का इमानात?"

"हिरा, डागदरला म्हनावं, उद्या दुपारपतोर थांब."

"त्ये थांबत्यात व्हय? लाईन लागलीया हितं. इमान चुकलं का रं?"

"व्हय."

"आसूदे. सावकास ये."

काचेपलीकडं विमान मागं सरकू लागलं. फोन कुणीच ठेवला नाही.