एकेचाळीस तास शांत

सबीहाने समुद्र पाहिलेला नाही. एका लग्नाला ती सुरतला गेली होती, तेव्हा समुद्र इथून जवळच आहे असं कुणी तरी म्हणालं. पण परतीची गाडी गाठायची होती. धरणगावात तिचं घर आणि वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. अकरावीपासूनची माझी मैत्रीण.

हाशमचाचा, म्हणजे तिचे वडील, बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. मोटार दोनशे फूट खाली पाण्यात असते, दिसत नाही. चाचा बोअरच्या पाइपाला लोखंडी सळई टेकवायचे, दुसरं टोक कानाशी धरायचे आणि बेअरिंग गेलंय की वाळू अडकलीय ते सांगायचे. पुढे त्यांचा एक कान मंद झाला आणि सळई सबीहाकडे आली. तिचं निदान सहसा चुकत नाही. दुकानाचे जुने गिऱ्हाईक पितांबरआबा म्हणायचे, "हाशमभाऊ, तुनी पोर त मोटारनी डाक्टर शे."

या कानामुळेच तिला जळगावच्या एका कंपनीत काम मिळालं. घरी बसून हेडफोनवर आवाज ऐकायचे आणि ते कसले आहेत ते फॉर्मवर नोंदवायचं. कुणाच्या वाट्याला गाड्यांचे हॉर्न आले, कुणाच्या वाट्याला खोकले. सबीहाच्या वाट्याला देवमासे आले.

दूरच्या कुठल्याशा समुद्राच्या तळाशी संशोधकांनी माइक सोडले होते. तिथले चोचीसारख्या तोंडाचे देवमासे किलोमीटरभर खोल, मिट्ट काळोखात शिकार करतात. टिकटिक करत जातात आणि तिच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. ती टिकटिक आपल्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग दहापट संथ केलेलं. भक्ष्य टप्प्यात आलं की टिकटिक एकदम शिलाई मशीनसारखी धावते, असं सबीहा सांगायची. एकीच्या टिकटिकीत मध्येच एक ठोका चुकायचा. तिचं नाव सबीहाने लंगडी ठेवलं. चहाच्या वेळी चाचा विचारायचे, "लंगडी ने कुछ खाया क्या आज?"

फॉर्म मी मराठीत केला होता. एम.ए. झाल्यावर तीन महिने मी त्या कंपनीत भाषांतर करत होते. समुद्रातल्या दर दहा मिनिटांच्या आवाजाला चार पर्याय होते: बोलतोय, शिकार करतोय, शांत, सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी सबीहाचा फोन आला. काहीच आवाज नसेल तर 'शांत' कसं लिहायचं, तिला कळत नव्हतं. त्यांच्या दुकानात शांत म्हणजे नीट चाललेली मोटार. आवाजच नसेल तर ती बंद. मी हसले. दुकानातलं मराठी वेगळं आणि लिहायचं वेगळं, असं काहीतरी तिला सांगितलं. तिने ऐकलं.

नवव्या दिवसाच्या फाइलमध्ये भोंगा वाजला. संथ केल्यामुळे तो जिनिंग मिलच्या भोंग्यासारखा लांबत होता. तिने जळगावला विचारलं. आमचे सुपरवायझर ललित सर म्हणाले, तो एका देशाच्या आरमाराचा सोनार आहे. पाणबुड्या शोधायला जहाजं पाण्यात आवाज सोडतात, त्यांचा सराव चालू असेल. फॉर्मवर त्याला जागा नाही, तुम्ही फक्त प्राण्याचं नोंदवा.

पहिला भोंगा झाला तेव्हा लंगडी शिकारीच्या मागे होती. टिकटिक धावू लागली होती. दुसऱ्या भोंग्याला ती मध्येच तुटली. बाकीच्यांचीही थांबली. एकेचाळीस तास एकही टिकटिक नाही. सबीहाने ते सगळे तास, दहापट संथ, कित्येक आठवडे ऐकले आणि दोनशे सेहेचाळीस वेळा एकच पर्याय दाबला. नंतर काही जण परत बोलू लागले. त्यांत लंगडी नव्हती. मग फाइली संपल्या. रेकॉर्डिंग आठ महिन्यांपूर्वीचं होतं.

या जूनमध्ये ललित सरांनी ग्रुपवर अहवाल टाकला. शेवटच्या पानावर आमच्या सगळ्यांचे आभार होते. सबीहाला वाचून दाखवायला मी दुकानात गेले. आमची उत्तरं कॉम्प्युटरने परत इंग्रजीत नेली होती. सरावाच्या काळात देवमासे एकेचाळीस तास निवांत होते, असं त्यात लिहिलं होतं. म्हणून आरमाराचा पुढचा सरावही त्याच पाण्यात, बारा जुलैपासून.

"निवांत म्हणजे?" सबीहाने विचारलं. "आराम करत होते?"

"हो."

"कामिनी, ते घाबरून गप्प झाले होते."

मी पान खाली-वर करत राहिले. 'शांत' हा शब्द माझा होता.

ललित सर चांगले बोलले. चूक त्यांना लगेच कळली. पण काम स्वीकारलं गेलं होतं, प्रकल्प बंद झाला होता आणि वरच्यांना लिहिण्याइतके ते मोठे नव्हते. मग आम्हीच लिहिलं. सबीहा सांगायची, मी इंग्रजीत करायचे. चार वेळा लिहिलं. संशोधकांकडून आपोआप येणारं उत्तर आलं: आम्ही समुद्रावर आहोत, पंचवीस जुलैनंतर भेटू. आरमाराच्या पत्त्यावरून एक तक्रार क्रमांक आला. चाचा म्हणाले, त्यांचं ऑफिस कुठे आहे ते सांगा, मी समोर बसून समजावतो. ते खरंच जायला तयार होते. पितांबरआबा मोटार घ्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आठे बोरले पानी नई, आन् हाई समिंदरना मासा आयकस," ते म्हणाले. कुणी हसलं नाही, तसे ते मोटार उचलून निघाले.

बारा तारखेला दुपारी मी दुकानात गेले. कंपनीच्या नव्या फाइली आल्या होत्या, ग्राहकांच्या तक्रारींचे फोन. सबीहाने त्या उघडल्या नव्हत्या. ती तांब्याची तार गुंडाळत होती.

"तिथे किती वाजले असतील?"

आपल्याकडे साडेतीन झाले होते. मी फोनवर पाहिलं. "सकाळचे सहा."

तिने तार खाली ठेवली. "परत एकदा पाठव."

"कुणाला?"

"जो कुणी उठला असेल त्याला."

मी तेच पत्र त्याच दोन्ही पत्त्यांवर पाठवलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं. ते समुद्रावर होते, पंचवीस जुलैनंतर भेटणार होते.