खांबामागची जागा

शाळेतली पोरं त्याला घुबड म्हणायची. पोरं नावं ठेवायला सहसा चुकत नाहीत, पण इथे त्यांनी घुबडावर अन्यायच केला. घुबडाला निदान अंधारात दिसतं. ह्या गृहस्थाला भर सकाळी, चॅपलच्या सगळ्या खिडक्या उघड्या असताना, स्वतःच्या घरातलं माणूस दिसत नव्हतं.

तो त्याच शाळेत शिकला होता. अभ्यासात यथातथाच, खेळात त्याहून कमी, पण दरवर्षी पूर्ण हजेरीचं पदक मात्र त्याचं. गालगुंड झालं तरी गळ्याला फडकं बांधून वर्गात बसायचा आणि शेजारच्या बाकांना प्रसाद वाटायचा. पुढे त्याच शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून लागला. त्याच्या तासाला पोरांना नद्या कुठून कुठे वाहतात ते कळेना, निकाल घसरत गेला, तेव्हा फादरांनी त्याला सुपरवायझर केलं. ज्याला शिकवता येत नाही त्याच्या हाती शिस्त द्यायची, ही रीत जुनीच आहे. ह्याला मात्र वाटलं, आपल्या गुणांचं चीज झालं.

हजेरीची त्याची पद्धत होती, आणि तिचा त्याला फार अभिमान. सकाळची प्रार्थना चॅपलमध्ये होई. प्रत्येक मुलाची बाकावरची जागा वर्षभरासाठी ठरलेली. घंटा झाली की शिपाई दारं ओढून घेई, आणि हा लाकडी जिन्याने बाकांच्या पाठीमागच्या सज्ज्यावर जाऊन उभा राही. हातात बाकांचा नकाशा. जी जागा रिकामी तिथे फुली, बाकी सगळे हजर. प्रार्थनेला नाही तो त्या दिवशी शाळेत नाही, मग तो नंतर चारही तास डोळ्यांत तेल घालून बसला तरी! वर्गशिक्षकांनी हजेरीत वेळ दवडू नये, असा त्याचा हुकूम होता. एकाही मुलाशी एक शब्द न बोलता सगळ्या शाळेची हजेरी घेता येते, हे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. मुलांना तो पाठीमागून ओळखायचा. कुणाचा भांग, कुणाच्या वेण्या, कुणाचे उभे कान. तेच पोर रस्त्यात समोरून आलं तर कोण कुठलं ते त्याला कळत नसे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. ह्याने त्यासाठी जिनासुद्धा बांधून घेतला होता.

नियमपुस्तिका त्याने स्वतः लिहिली. तीनदा उशीर म्हणजे एक गैरहजेरी. एका विषयात नापास तर मैदान बंद. हजेरी भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष पुन्हा करायचं. रजा मंजूर व्हायची ती दोनच कारणांनी: विद्यार्थी स्वतः आजारी असेल आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल, किंवा जवळच्या नात्यात मृत्यू झाला असेल. जवळचं नातं म्हणजे आई, बाप, सख्खी भावंडं. त्यापलीकडची माणसं त्याच्या हिशेबात मरत नसत.

एकदा कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्याच्या खिडकीशी आला. अंगावर पीठ तसंच होतं, डोळे सुजलेले.

"साहेब, वडील गेले माझे. पोरगा दोन दिवस आला नाही. आजोबांचा फार लाडका होता हो."

"वाईट झालं," हा म्हणाला. "पण वडील तुमचे गेले, त्याचे नव्हेत."

बेकरीवाला पिठाच्या हातांनी डोळे पुसू लागला. उत्तर नसलेला माणूस खोटं बोलत असतो, असा ह्याचा सिद्धांत होता. त्याने खिडकी लावून घेतली, आणि घरी जेवताना ही गोष्ट बायकोला रंगवून सांगितली. बायकोने त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

घरी त्याची आई होती. न्हाणीघरात पाय घसरून पडली तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. पहाटे जायची ती दुपारी यायची. सकाळभर म्हातारीजवळ शेजारच्या मावशी बसत. त्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि तिकडेच राहिल्या. बायकोने नवऱ्याच्या कानावर घातलं. हा बुटांना पॉलिश करत होता. "बघा काहीतरी," म्हणाला. सगळ्या घराला अधिकारवाणीने 'बघा' म्हणणारा हा स्वतः कधी काही बघत नसे.

एकच मुलगी होती, नववीत. शांत, अभ्यासात हुशार, बापावर गेली नव्हती. तिने त्याच रात्री विचारलं, "बाबा, घरात कुणी आजारी असेल, आणि बघायला कुणी नसेल, तर मुलांना सकाळची सूट मिळते का?"

"कुणाच्या घरात?"

"असंच. कुणाच्याही."

त्याने उठून नियमपुस्तिका आणली आणि रजेचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मुलीने ऐकून घेतलं. पलीकडच्या खोलीत म्हातारी पाणी मागत होती, मुलगी उठून तिकडे गेली. त्याने पुस्तिका परत कपाटात ठेवली.

आता चॅपलमधल्या खांबाविषयी सांगायला हवं. उजव्या हाताच्या तिसऱ्या बाकामागे एक चांगला जाडजूड खांब होता. जिना बांधून झाल्यावर ह्याच्या ध्यानात आलं, की सज्ज्यावरून सगळं चॅपल दिसतं, फक्त त्या खांबाच्या आडची एक जागा दिसत नाही. दुसऱ्या कुणी खाली उतरून पाहिलं असतं. ह्याने डोकं लढवलं. जिच्याकडे पाहायची गरजच नाही अशी मुलगी तिथे बसवायची, म्हणजे प्रश्न मिटला. त्याने तिथे स्वतःची मुलगी बसवली. घुबडाची पोर शाळा बुडवणार कशी! रोज सकाळी तो सगळ्या जागा न्याहाळायचा आणि खांबाशी आला की न पाहता 'हजर' लिहायचा.

तर त्या जागेवर बरेच दिवस कुणी बसत नव्हतं. बाप भल्या पहाटे प्रार्थनेच्या आधीचं सगळं बघायला शाळेत जायचा, आई धुलाईघरात, आणि मुलगी आजीपाशी. तिला उठवायची, पुसायची, भरवायची, कुशीवर वळवायची. दुपारी आई आली की दप्तर घेऊन पळत शाळेत, मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. वर्गातल्या मुलींना माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, बुडालेले धडे लिहून द्यायच्या त्या वर्गशिक्षिका सिस्टरना माहीत होतं. शिवणाच्या बाई तर उघड म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" पण ह्याला सांगायला कुणी गेलं नाही. ज्याने आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्याला कोण कशाला सांगेल?

वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि सज्ज्याच्या जिन्याची पायरी तुटली. सुताराने जिना बंद केला. हजेरी तर व्हायलाच हवी. तेव्हा हा नकाशा घेऊन वेदीच्या बाजूला उभा राहिला. मुलांचे चेहरे समोरून पाहायची त्याला सवय नव्हती, तो जरा गांगरलाच. कोण कुठलं तेच कळेना, आणि नकाशाही इथून उलटा पडत होता. म्हणून तो एकेक जागा मोजत निघाला आणि तिसऱ्या बाकाशी थांबला.

"इथे कोण बसतं?" त्याने खडसावून विचारलं.

शेजारच्या मुलीने खाली मान घातली.

"मी विचारतोय, ही कुणाची जागा?"

"सर," ती मुलगी म्हणाली, "तुमच्या घरची."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं. शाळेच्या दिवशी मधेच घरी जायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. त्या दिवशी तो गेला. दार लोटलेलंच होतं. मुलगी बाह्या वर सारून आजीची पाठ पुसत होती.

"दार लावा बाबा. वारा येतो, आजीचं अंग ओलं आहे."

"कोण आलंय गं?" म्हातारीने विचारलं.

"बाबा आलेत."

"आज शाळेला सुट्टी आहे का?"

"नाही आजी."

"मग बरं नाही का रे तुला?" म्हातारी घाबरून म्हणाली. लेकाला घरी यायला तेवढं एकच कारण असू शकतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"आलातच तर पाठीखाली हात घाला," मुलगी म्हणाली. "कुशीवर घ्यायचंय."

त्याने हात घातला तो नेमका दुखऱ्या जागी. म्हातारी कळवळली. मुलीने त्याचा हात धरून बाजूला केला आणि एकटीनेच आजीला वळवलं. मग तो दाराशी उभा राहून म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही नियम वाचून दाखवलात."

दुसऱ्या दिवशी फादरांनी त्याला बोलावलं. फादर भले माणूस. म्हणाले, "अहो, तुमच्या आईचीच सेवा केली पोरीने. चार ओळी कारण लिहून द्या, मी सही करतो. परीक्षेला बसू दे तिला."

"आजी जवळच्या नात्यात येत नाही, फादर," हा म्हणाला.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय तत्त्वाचा माणूस! तत्त्व कसलं आलंय. सूट मागायची तर रिकाम्या बाकावर महिनोन् महिने 'हजर' लिहिणारा आंधळा कोण, हे कबूल करावं लागलं असतं. शिक्षा दिली की मुलगी लबाड ठरत होती आणि हा कडक. दोन्हींतलं सोपं त्याने निवडलं. ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही त्यांच्यात त्याने मुलीचं नाव घातलं, आणि ते फलकावर लावायलाही स्वतःच गेला.

त्या रात्री बायको पहिल्यांदा उलटून बोलली. "पोरीचं वर्ष घालवलंत?"

"सगळ्यांना नियम एकच."

"सगळ्यांच्या पोरी तुमच्या आईचं अंग पुसत नव्हत्या," ती म्हणाली, आणि ताट त्याच्यापुढे सरकवून म्हातारीच्या खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून त्याचं जेवण झाकून ठेवलेलं असे.

परीक्षा झाली, मुलीशिवाय. ती सकाळ-दुपार घरीच असे. आता लपायचं कारण उरलं नव्हतं. म्हातारी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेली. नातीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली, आणि जातानाही लेकाची एक रजा वाचवून गेली. त्याची हजेरी अखंड राहिली.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो दुरुस्त केलेल्या जिन्याने सज्ज्यावर चढला. खांबामागची जागा ह्या खेपेला त्याने रिकामीच ठेवली होती. मुलीला त्याने पहिल्या बाकावर आणलं होतं, स्वच्छ दिसेल असं. तिच्या दोन्हीकडे तिच्याहून लहान मुली बसल्या होत्या. बरोबरच्या मैत्रिणी केव्हाच पुढे गेल्या होत्या.

प्रार्थना संपली आणि फादर बोलायला उभे राहिले. भल्या माणसांना कधी काय बोलावं ते कळत नाही. ते म्हणाले, ह्या शाळेत नियम सगळ्यांना सारखा आहे. असा एक माणूस आपल्यात आहे ज्याने पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. "मुलांनो, मागे वळा आणि सज्ज्यावर बघा."

सगळं चॅपल वळलं. बेकरीवाल्याचा पोरगा वळला, सिस्टर वळल्या, दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा वळला. इतके चेहरे एकदम त्याच्याकडे बघत होते आणि त्यांतला एकही त्याला ओळखू येईना. त्याने घाईने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे एकच पाठ वळली नव्हती. दोन वेण्या, मधोमध सरळ भांग. तेवढं मात्र त्याने लगेच ओळखलं. मग नकाशावर मान घालून त्याने तिच्या जागेवर 'हजर' लिहिलं.