मर्यादेतला ताप

आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि मामंजींच्या देखत मी एकदाही तोंड उघडले नव्हते. कल्याणात आमच्यासारख्या घरांत तशीच रीत. काही सांगायचे तर सासूबाईंमार्फत, नाहीतर दाराआडून बांगड्या वाजवून. त्याला मर्यादा म्हणत. तिच्यापायी ह्यांचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून आजही आठवले की माझे डोके तापते.

हे ठाण्याच्या कचेरीत कारकून. भादव्यात ह्यांना ताप येऊ लागला. दिवसा ओसरीवर गळून पडलेले दिसत, एवढेच. मामंजींनी वैद्यबुवांना आणले. त्यांनी नाडी पाहिली, थंडी वाजते का, घाम केव्हा येतो, सगळे नीट विचारले. उत्तरे सासूबाईंनी दिली. थंडी मुळीच नाही, झोप शांत, पोट तेवढे बिघडले आहे. त्या माजघरात निजत. त्यांना काय कळणार?

मला ठाऊक होते. एक दिवसाआड पहाटे हुडहुडी भरे. दोन गोधड्यांवरून मी ह्यांना कवळून धरी, तरी दात वाजायचे थांबत नसत. मग इतका घाम सुटे की अंगरखा पिळावा लागे. तो मी कोणी उठायच्या आत धुऊन टाकी. आईला सांगू नकोस, ती नवस बोलत बसेल, असे ह्यांनीच बजावले होते.

वैद्यबुवांनी सात दिवस लंघन सांगितले. आधीच माणसाची काडी झालेली. मी बांगड्या वाजवल्या. पुन्हा वाजवल्या.

"सूनबाई, दूध उतू जातंय का बघा," सासूबाई म्हणाल्या.

हे शुद्धीत होते. ह्यांना बोलता आले असते. पण मग बायको पहाटे कवळून धरते हे बापासमोर निघाले असते. ह्यांनी डोळे मिटून घेतले. लाजेपायी मरायला तयार झालेला माणूस मी तेव्हा पाहिला.

मी दाराबाहेर आले. "वैद्यबुवा, ताप एक दिवसाआड पहाटे येतो. आधी हुडहुडी, मग घाम. आज दहावा दिवस. उपाशी ठेवलंत तर हे राहायचे नाहीत."

मामंजी उठून आत गेले. वैद्यबुवा खांबाकडे बघत म्हणाले, हा हिवताप आहे, लंघन नको, दवाखान्यातून कोयनेल आणवा.

पंधरवड्यात हे उठून बसले. पहिले वाक्य काय, तर, "बाबांच्या पाया पड. परक्यासमोर त्यांची शोभा केलीस."

"तुम्ही जगलात म्हणून पाया पडू?"

ह्यांनी तोंड फिरवले. मी पाया पडले नाही, आणि अंथरूण उचलून दुसऱ्या भिंतीला नेले.

हल्लीच्या शिकलेल्या मुली म्हणतात, एकमेकांना निवडल्याशिवाय प्रेम होत नाही. मला नवव्या वर्षी दुसऱ्यांनीच निवडले होते. पण वर्षानुवर्षे ज्याच्याशेजारी निजावे त्याचे अंग आपल्या अंगाला पाठ होते. मन रुसते, अंगाला ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे हे खोकले. पुरती जागी होण्याआधीच मी ह्यांच्याशेजारी होते, हात कपाळावर. कपाळ गार होते. ह्यांनी माझे मनगट धरले. मी ते सोडवून घेतले आणि माझ्या भिंतीकडे परत गेले. राग तसूभरही उतरला नव्हता.